कोरे सोमवार

भोर, रविवार ९ जानेवारी १९३८

चार महिने या वहीकडे फिरकलो नाही. चुकलो. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. वेळ होता. भाद्रपदात पुण्याच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, आणि तो शब्द आपल्या अक्षरात लिहावा असं वाटेना. आज लिहिला. मधुमेह. वय चव्वेचाळीस.

दुसरी एक वही मात्र रोज भरतो. काचेच्या नळीत चमचाभर निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं — जास्त. विटकरी — फार. तारीख, वेळ, रंग. त्या वहीत एवढंच मावतं. बाकीचं कुठे ठेवायचं, म्हणून परत इकडे आलो.

बाकीचं म्हणजे डाव्या पायाची करंगळी. दिवाळीत वहाण चावली. अजून जखम भरली नाही. दुखत नाही — आणि तेच वाईट, म्हणाले डॉक्टर. "वीस फेब्रुवारीपर्यंत पथ्यानं बघू. नाही भरली तर बोट काढावं लागेल. बोटावर थांबेल असं मी सांगत नाही." सुई आहे म्हणे यावर, पण रोज टोचायची, आणि इथे भोरात ती मिळत नाही.

वर्गात फळ्यापासून खिडकीपर्यंत दिवसातून शंभरदा जातो. आता प्रत्येक फेरी मोजल्यासारखी वाटते.

सोमवार १० जानेवारी

सोमवार. उपास.

हे लिहून ठेवायला हवं, कारण कुणाला सांगितलेलं नाही. वीस वर्षांपूर्वीच्या तापाच्या साथीत मी एकवीस दिवस पडून होतो. बनानं, माझ्या बायकोनं, तेव्हा माझ्यासाठी सोमवार धरले. मी उठलो, तिनं सोडले नाहीत. "देवाला दिलेलं परत मागायचं नसतं," म्हणायची. दोन्ही वेळचा उपास, मंगळवारी सकाळी सोडायची. अकरा वर्षं. एकोणतीस साली ती गेली. तेराव्यानंतरच्या सोमवारी मी भाकरीला हात लावला आणि लावता लावता थांबलो. तेव्हापासून तिचे सोमवार माझ्याकडे आहेत.

देवावर माझा विश्वास आहे का? अर्धामुर्धा. पण सोमवारी दुपारी ठकुआक्का वऱ्याचा भात, शेंगदाण्याची आमटी आणि चुलीत भाजलेलं रताळं पुढे ठेवते, तेव्हा पहिल्या घासाला बना समोर असते. पदर खोचलेला, हाताला राख. रताळ्याचा मधला मऊ तुकडा ती मला द्यायची. उपास तिचा, आणि तुकडा मला! "तुमी बामनावानी शिकलात, खाता मात्र गुराख्यावानी," म्हणून हसायची.

आठवड्यात सहा दिवस मी ती वेळ यायची वाट बघतो.

शनिवार १५ जानेवारी

संक्रांत झाली. मुलांनी तिळगुळानं खिसे भरले माझे. रुमालात बांधून घरी आणला. एकही खाल्ला नाही.

ठकुआक्का माझी थोरली बहीण. नवरा वारल्यावर वेल्ह्याकडच्या आमच्या गावात एकटीच होती; बना गेली तशी माझं घर सांभाळायला आली. आम्ही दोघंच इथे. माझं पथ्य तिला अजिबात पटत नाही. दीड भाकरी, पालेभाजी, ताक, भात बंद, गूळ बंद. आज बिनसाखरेचा चहा पुढ्यात आदळला. "निस्तं गरम पानी प्यायचं तर चूल कशाला फुकायची? नदीला जाऊन पी की!" मग तिळगुळाचा रुमाल बघून म्हणाली, "गेनू, एवडा बी.ए. झालास, आन नशिबी हे! आमच्या म्हशीला तरी पेंड मिळती."

रंग हिरवा. गेला सबंध आठवडा हिरवा. शहाण्या मुलाच्या वहीसारखं वाटतं बघून. मग जखम का भरत नाही?

बुधवार १९ जानेवारी

पट्टी बदलायला दवाखान्यात गेलो होतो. रफीकभाई कंपाउंडर. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण बोलणं आजोबाचं. रंगांची वही मी कौतुकानं दाखवायला नेली होती. खरंच, कौतुकानं.

त्यांनी एकेक पान उलटलं. मग, "मास्तर, तुमच्या शाळेत आठवड्याला पाचच दिवस असत्यात व्हय?"

"म्हणजे?"

"सोमवार न्हाई, मंगळवार न्हाई. हितं कोरं, हितं कोरं, सगळीकडं कोरं."

मी म्हणालो, सोमवारी उपास असतो. पोटात काही नाही, तर तपासायचं काय?

"आन मंगळवार?"

"सकाळी पहिला तास असतो. घाई होते."

"तास तर शुक्रवारीबी असंल की." हसले नाहीत. पट्टी बांधत राहिले.

मला राग आला. घरी येईपर्यंत होता. राजवाड्याजवळ आलो आणि ध्यानात आलं, की राग कसला? शुक्रवारीही पहिला तास असतोच.

गुरुवार २० जानेवारी

चार महिने. सोळा सोमवार, सोळा मंगळवार. एकदाही विसरून सुद्धा तपासलं नाही. माणूस विसरला तर कधीतरी चुकून आठवतं. इतकं नेमानं विसरता येत नाही.

सोमवार २४ जानेवारी

जेवणानंतर दोन तासांनी तपासलं. विटकरी.

नळी राखेनं घासली, तीनदा धुतली, पुन्हा तपासलं. विटकरी. संध्याकाळी पुन्हा. तोच. कौलाच्या तुकड्याशी लावून बघितला — फरक सांगता येईना.

आठवडाभर पथ्य पाळायचं आणि त्यातला एक दिवस सगळं पाण्यात घालायचं. त्या दिवसाला मी उपास म्हणत होतो! एरवी जेवतो त्याच्या दुप्पट खातो या दिवशी. वरी, साबुदाणा, रताळी. आणि तेही मन लावून.

आता खरा प्रश्न. बनासाठी करत होतो की रताळ्यासाठी? चार महिने गोड म्हणून जिभेला एवढंच मिळत होतं. तिचं नाव पुढे करून मी गोड खात होतो का? पहिल्या घासाला ती यायची हे खरं. पण शेवटच्या घासापर्यंत मी तिच्यासाठी थांबत होतो, असं शपथेवर सांगता येत नाही.

मंगळवार २५ जानेवारी

विटकरी.

गुरुवार २७ जानेवारी

रफीकभाईंना सगळं सांगितलं. बनाचं सोडून.

"तांदूळ बंद केला, आन वऱ्याचा भात रांधता? साबुदाना म्हंजी तरी काय, पिठाच्याच गोळ्या त्या. मास्तर, दारातनं हाकलला त्याला खिडकीतनं आत घेतला तुमी!" मग आवाज उतरवून म्हणाले, "आमच्यात आजाऱ्याला रोजा माफ हाय. माझ्या अम्मीला हाच आजार. रमजानात रडायची, पन सोडायची."

"माफ कुणी करायचं?" मी विचारलं.

त्यांना वाटलं असावं मी देवाचं विचारतोय. गाठ मारून झाल्यावर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ज्याच्यासाठी धरला, त्यानं."

ती तर नाही. तिला विचारणार कुठे?

सोमवार ३१ जानेवारी

ठरवलं होतं. पण ताट पुढे आलं.

एकच रताळं खाल्लं. नाही — दोन.

बुधवार २ फेब्रुवारी

जखमेची कड काळी दिसते. वास येतो. रफीकभाई आज थट्टा करत नव्हते. त्यांची थट्टा बंद झाली की भीती वाटते.

वीस तारखेला अठरा दिवस.

वर्गात खुर्चीवर बसून शिकवलं. मुलं चुळबुळत होती. एकानं विचारलं, "मास्तर, पाय कधी बरा होनार?" मी म्हणालो, माझ्या हातात आहे. म्हणालो खरं.

रविवार ६ फेब्रुवारी

आज ठकुआक्काला सांगितलं. उद्या सोमवार, पण भाकरी टाक.

तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "तिचं व्रत मोडतोस?"

मी रंग सांगितले, वही दाखवली, काळी कड दाखवली. तिनं पायाकडे बघितलंच नाही. "त्या नळीतल्या पान्यावर तुझा इस्वास, आन तिनं तुझ्यासाठी जीव सुकवला त्याचं काय न्हाई! तुला काय ठावं? तू हुतास कुठं?"

खरं आहे. ती दोन वर्षं मी मुंबईला ट्रेनिंग कॉलेजात होतो. शेवटचे आठ दिवस आलो. पाठीवर काळपुळी झाली होती, तिनंच नेली, एवढं मला ठाऊक. बनाची पत्रं यायची, मीच शिकवलेल्या वळणदार अक्षरात — मी खुशाल आहे, काळजी नसावी.

ठकुआक्का बोलत सुटली. तेव्हा ती गावाहून बनाच्या सोबतीला येऊन राहायची. "दोन पावसाळे तहान तहान करायची. एका दुपारी कळशी संपवायची. राती धा बारी भाईर. खायची चांगली, आन आंग निस्तं वाळत चाललेलं. चोळ्या टाचून टाचून दिल्या म्या. आमी म्हनलं उष्नता हाय. म्या सांगितलं, उपासानं उष्नता उतरती, आनिक एक वार धर. मंग तिनं गुरुवारबी धरला. रताळ्यावर दीस काडायची, पन सोमवार चुकवला न्हाई. आन तू भाकरी माग!"

तहान. वाळलेलं अंग. न भरणारी काळपुळी. भाद्रपदात डॉक्टरांनी मला हेच एकेक करून विचारलं होतं — तहान फार लागते का, वजन उतरलं का, गळू होतं का.

बनाला हेच होतं.

उष्णता नव्हे. हेच. आणि माझ्यासाठी धरलेल्या उपासाची रताळी ती आठवड्यातून दोन दिवस खात होती. मुंबईत मी राहत होतो तिथून पायी जाण्याच्या अंतरावर ती सुई मिळत होती — तेव्हासुद्धा. पत्रात तिनं तहान एवढा एक शब्द लिहिला असता तर? आणि लिहिला असता तर मला कळलं असतं? बहुधा नाही. मीही 'उष्णता' म्हणून सब्जा प्यायला सांगितलं असतं.

ठकुआक्काला हे सांगितलं नाही. "म्या सांगितलं, आनिक एक वार धर" — हे तिचं वाक्य तिच्याजवळच राहू दे.

सोमवार ७ फेब्रुवारी

दीड भाकरी, मेथी, ताक. ठकुआक्कानं वाढलं, पण पाठ फिरवून बसली. तिनं तिचा उपास केला. बना गेल्यापासून नऊ वर्षं मी एकटा नव्हतोच, माझ्याबरोबर तीही सोमवार करते, हे आज तिच्या ताटलीतली रताळी बघून जाणवलं.

पहिला घास घेऊन थांबलो. बना आली नाही.

दुसरा घेतला. नाही आली. ताट संपवलं.

संध्याकाळी हिरवा. वहीतला पहिला हिरवा सोमवार. शाबासकी द्यावी असं कुणी नव्हतं. रात्री उशीत तोंड खुपसून पडलो. बोट वाचलं तरी ती वेळ गेली. आता आठवड्याचे सातही दिवस सारखेच.

गुरुवार १० फेब्रुवारी

हिरवा. ठकुआक्का अबोल. मीठ मागितलं तर वाटी सरकवते, एवढंच.

रफीकभाईंनी भिंग लावून बघितलं. "कडंला लाल मांस दिसतंय. लगीच नाचू नका." पण आज एक थट्टा केली. हलकं वाटलं.

सांगायला घरी कुणी हवं होतं. सोमवारची वाट बघायची सवय आहे अजून. दिवस मोजले, आणि मग आठवलं.

शनिवार १२ फेब्रुवारी

सकाळी निळा! भाद्रपदापासून पहिल्यांदा. नळी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिलो. स्वच्छ निळा.

नळी धुवायला मोरीत गेलो. कोपऱ्यापासून न्हाणीच्या दगडापर्यंत मुंग्यांची रांग. साखर असली की लघवीच्या जागी मुंग्या येतात — माझ्यामुळेच, म्हणून चार महिने मी त्यांच्यावर पाणी ओतत आलोय. आजही ओतायला तांब्या उचलला.

पण मी निळा. मग या कुणामुळे?

स्वयंपाकघरात ठकुआक्का उभ्यानं पाणी पीत होती. घटाघटा, तांब्या तोंडाला लावून. चोळीची बाही दंडावर केवढी ढिली झाली आहे.

उद्या: लाज बाजूला ठेवून ठकुआक्काच्या हातात लघवीसाठी बाटली देणे.