एका रेणूची साय

१४ एप्रिल १९५७

भुकटी आली! नागपूरला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बापूजींनी शब्द पाळला. पांढरी, मेणचट, नाव सेटिल अल्कोहोल. पाण्यावर पसरली की तिचे रेणू एकमेकांना खेटून उभे राहतात — एकावर एक नव्हे, एकच थर — आणि खालची वाफ पुष्कळशी अडते. मी वाणिज्याचा पदवीधर. तरीही बापूजींचे पत्र दोनदा वाचून हे मला पटले.

मालगुजारी गेल्यापासून गावचा तलाव ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, सोसायटीकडे आहे आणि चिटणीस मी. यंदा पाणी मधल्या डोहातच उरले आहे. त्यात पुढल्या वर्षाच्या बेण्यासाठी राखलेले रोहू मासे. ढिवरांचा म्होरक्या लटारू स्वच्छ म्हणाला, "भाऊ, डोह आटला त आमी माजरीले. कोळसा खंदाले." सारी वस्ती उठेल. ती उठू द्यायची नाही.

१५ एप्रिल

डोंग्यातून भुकटी शिंपडली. बापूजींनी परीक्षा लिहून पाठवली होती: स्वच्छ पाण्यावर कापराचा खडा गरगर फिरतो, थर असेल तर निश्चल राहतो. राहिला! मी इतक्या मोठ्याने हसलो की लटारूला डोंगा सावरावा लागला.

२ मे

वारा. दुपारी थर फाटतो, पूर्वेच्या काठाशी फेस होऊन गोळा होतो. पुन्हा शिंपडतो. पुन्हा फाटतो.

"भाऊ, साय त जमून राह्यली. लोनी कवा?" — लटारू. सगळे हसले. मीही.

११ मे

अंगणात दोन घंगाळी भरून ठेवली होती. थर टाकलेल्यात पाणी स्पष्टपणे अधिक उरले. म्हणजे सिद्धांत खरा — माझ्या अंगणात. डोहाची कड मात्र रोज आत सरकते आणि मागे भेगाळलेला चिखल उरतो.

१९ मे

लटारूची बायको रुखमाबाई तलावाच्या पाळीवर सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या हांडीतल्या पेजेवरबी टाका ना भाऊ थोडं. तेबी आटून राह्यली."

आज कोणी हसले नाही.

२४ मे

डोह कमरेएवढा. होळीनंतर डोहात जाळे टाकायचे नाही, अशी यांची रीत. पण पाणी इतके उतरले की रीतही सुटते. मग सारी वस्ती मिळून बेणेसुद्धा काढते, वाटे करते, विकते. लटारू जाळे खांद्यावर टाकूनच आला.

"जे हाती येईल थे घेतो भाऊ. माजरीले जाचं भाडं त निघन."

मी हात जोडले. या वयात, त्याच्यापुढे. आठ दिवस मागितले. त्याने जाळे खांद्यावरून उतरवले.

"तुमी शिकेल मानूस," म्हणाला, आणि जाळे घरी घेऊन गेला.

त्याने भांडायला हवे होते.

२७ मे

वारा पडला! झाडाचे पानही हलत नाही. उरलेली सगळी भुकटी टाकली. थर काठापासून काठापर्यंत अखंड. कापूर निश्चल.

२९ मे

पाणी उतरलेले नाही! ओली कड जागच्या जागी. उकाडा असह्य, वाफ अडल्याने पाणीही कोमट, रोहू वर येऊन तोंडे उघडतात — असो. लटारूला सांगितले, माजरी विसर. रुखमाबाईने मला बसायला बाज टाकली.

३० मे

पहाटे हाक आली. डोहभर रोहू, पोटे वर. एकही जिवंत नाही. उजाडण्यापूर्वीच वास सुटलेला. विकण्याजोगाही एक नाही.

लटारू कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. मला पाहून म्हणाला,

"पानी त वाचलं ना, भाऊ?"