चिंचेखाली वर्ग भरवणाऱ्या राजश्रीबाईंची निरवानिरव

मी, राजश्री राजपाल मेत्रे, वय सदुसष्ट, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार बोरवाडी, ठाणाकुशनूरजवळ, जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकून पाहिलेली माणसं गावात अजून हयात आहेत, त्यांना विचारावं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. माझे पती कालकथित राजपाल आणि मी मिळून माझ्या वडिलांच्या जागेवर बांधलेलं, आता एकट्या माझ्या नावावर असलेलं घर माझा मुलगा सुनीलकुमार यास मिळावं. रस्त्याकडची खोली मात्र यातून वगळली आहे. ती मोबाईलच्या दुकानाला भाड्याने द्यावी, असं त्याचं म्हणणं. बाळा, ती खोली पोरांच्या वाचनाची आहे आणि तशीच राहील. रागावू नकोस. तूही तिथंच वाचायला शिकलास.

२. दारातला कडुनिंब कोणीही तोडू नये. पाला पडतो ही सबब चालणार नाही. माझे वडील ज्ञानोबा यांना लहानपणी गावच्या पारावर सावलीत बसू देत नसत. त्यांनी हा निंब लावला, वाढवला आणि मला त्याखाली पुस्तक घेऊन बसवलं. त्यांना अक्षरओळख नव्हती. म्हणायचे, “मोठ्यानं वाच बाई. सावली आपली हाय.” तेव्हापासून मी हळू वाचलेलं नाही.

३. रस्त्याकडची खोली, कपाटं आणि सर्व पुस्तकं रेणू उमाजी हिच्या स्वाधीन करावीत. ती माझी विद्यार्थिनी, आता स्वतः शिक्षिका. तिलाच का, हे वारसांना कळावं म्हणून लिहिते.

मी झाडाचा धडा झाडाखालीच घेत असे. आधी वाचायचं, मग सालीला हात लावायचा, मग वर बघायचं. चिंचेला कन्नडमध्ये हुणसे म्हणतात, हेही शाळेच्या आवारातल्या चिंचेखालीच शिकवलं. शाळा समितीचे अध्यक्ष मल्लप्पा भर सभेत म्हणाले, “बाई, पोरांना झाडं कामून वाचायला लावायलाव? झाडं वाचून पोट भरतंय व्हय?”

पुढं त्याच चिंचेवर बगळ्यांनी घरटी केली. बगळे घाण करतात म्हणून मल्लप्पांनी झाड पाडायला उमाजीला बोलावलं. उमाजी म्हणजे रेणूचा बाप. तो करवत घेऊन आला तेव्हा आमचा वर्ग चिंचेखाली होता आणि रेणू पक्ष्यांचं पुस्तक वाचत होती. बापाला बघूनही ती थांबली नाही. “घरट्यातून पडलेल्या पिलाला आईबाप जमिनीवर येऊन चारत नाहीत. ते उपाशी मरते.”

उमाजीनं विचारलं, “हे तू वाचायलीस?”

“व्हय, अप्पा.”

“अजून एकदा वाच.”

तिनं पुन्हा वाचलं. त्यानं मान वर करून घरटी पाहिली आणि करवत खांद्यावर टाकली. “मल्लप्पा अण्णा, माझ्यानं व्हायचं न्हाई.”

पिलं उडाल्यावर मल्लप्पांनी दुसरे तोडणारे आणले. तोवर पोरांनी घरोघरी वाचून दाखवलं होतं. पोरं चिंचेखालून उठली नाहीत, मी त्यांना उठा म्हटलं नाही, आणि फाटकात आयाबाया येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या पुढं उमाजी. तोडणारे चहा पिऊन परत गेले. चिंच आजही उभी आहे. नोकरीत मला एकही पुरस्कार मिळाला नाही. त्याची गरजही पडली नाही.

४. मल्लप्पांना माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. त्यांचा नातू प्रशांतकुमार माझ्याकडे वाचायला येतो, मुंगळ्यांच्या मागं तासभर फिरतो. माझं भिंग त्याला द्यावं. तो आजोबांवर गेलेला नाही, हे आनंदानं नमूद करते.

५. बँकेतली शिल्लक सुनीलकुमारची. खुरपं, कुदळ आणि झारी उमाजीची. करवत त्यानं त्या वर्षीच विकली. आता तो रोपं तयार करतो.

६. माझे अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने, साधेपणाने करावेत. त्या दिवशी शाळेला सुट्टी देऊ नये. बाळंतपण सोडलं तर माझ्यामुळं पोरांचं वाचन कधी बुडालं नाही. मी गेले म्हणूनही बुडता कामा नये.

वरील मजकूर मी स्वतः मोठ्यानं वाचून पाहिला, तो बरोबर आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

राजश्री राजपाल मेत्रे (सही)

साक्षीदार :
१. नागनाथ बिरादार, शेती, बोरवाडी (सही)
२. गुरुबाई स्वामी, अंगणवाडी सेविका, बोरवाडी (सही)

स्थळ : बोरवाडी
दिनांक : १४ जुलै २०२४