वरच्या विटा

अनुप,

नेत्राला घेऊन कावासाकीला तन्वीकडे जातेय. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

तुझं टेबल मावावं म्हणून सोमवारी मी ऑफिसात असताना खालच्या मजल्यावरची, जुन्या शेकोटीच्या चिमणीची विटांची भिंत फोडलीस. शेजारी कोणाला सांगितलं नाहीस. इथे लोक घरात साधं काम काढायचं तरी आधी मिठाईचा डबा घेऊन शेजाऱ्यांची माफी मागून येतात. योकोहामात नऊ वर्षं काढून एवढं कळत नाही तुला? शेवटी आज मीच बिस्किटं घेऊन शेजारच्या मोरीआजींकडे गेले. आवाजाबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यांचे यजमान सुतार होते. आजींनी फक्त विचारलं, "खालच्या विटा काढल्यात, मग वरच्या कशावर उभ्या आहेत?"

मी तशीच पळत घरी आले. वर नेत्राच्या खोलीत त्याच चिमणीला बोट जाईल एवढी भेग पडलीय.

आजींनी त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलंय. ते सहाला येतील. तोवर वर जाऊ नकोस आणि खालीही त्या टेबलाशी बसू नकोस. भात कुकरमध्ये आहे.

अजून एक. रविवारी तू नेत्राचा पलंग चिमणीपासून लांब, खिडकीशी नेलास. तिला ऊन मिळेल म्हणालास. मला केवढं कौतुक वाटलं होतं तुझं!

म्हणजे तुला माहीत होतं. आणि तरी तिला त्याच खोलीत झोपवलंस.

स्वप्ना