थोरल्याच्या आवारातून येणारा लोखंडी नळ उकरून न काढण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
ग्रामीण पाणीपुरवठा उपविभाग

विषय : दोन घरांमधील जमिनीखालचा जुना नळ गळत असला तरी जागेवरच राहू देण्याबाबत.

संदर्भ : १) येत्या सोमवारी सदर नळ उकरून त्या जागी प्लास्टिकचा पाइप टाकण्याविषयीची आपली नोटीस.
२) याच विषयावरील माझे यापूर्वीचे दोन अर्ज (उत्तर अप्राप्त).

महोदय,

खाली सही करणारा मी, सदर नळाच्या खालच्या टोकाचा ग्राहक, विनंतीपूर्वक कळवतो की, नळ गळतो ही गोष्ट मला मान्य आहे. पाणी वाया जाते, हेही मान्य आहे. माझी तक्रार गळतीविषयी नसून, तिच्यावर आपण योजलेल्या उपायाविषयी आहे.

१. हा नळ आमच्या वडिलांनी टाकला. सरकारी जोड चढावर, माझ्या थोरल्या भावाच्या आवारात आहे. तेथून नळ जमिनीखालून उतरत माझ्याकडे येतो. दाब बेताचा असल्याने एका वेळी एकच टाकी भरते. वडिलांच्या पश्चात वाटण्या झाल्या आणि सगळे सुरळीत होऊन एका शिडीवरून बिनसले. शिडी एक, भाऊ दोन. शेवटी ती मधोमध कापली. अर्ध्या शिडीने दोघांपैकी कुणाचेच छप्पर गाठले नाही, पण माघार घेईल तो भाऊ कसला! मध्ये भिंत उभी राहिली, अबोला सुरू झाला आणि तो आमची मुले लग्नाची होईपर्यंत टिकला. नळ मात्र कापता आला नाही.

२. त्यामुळे एक व्यवस्था आपोआप पडली. स्वतःची टाकी भरली की थोरला व्हॉल्व्ह माझ्या बाजूला फिरवून नळावर पान्याने दोनदा ठोकत असे. म्हणजे, घे पाणी. माझी टाकी भरली की मी माझ्या टोकाला तीनदा ठोकत असे. म्हणजे, भरली, बंद कर. एवढेच आमचे बोलणे. तो चिडलेला असला की ठोका कानात बसे. ताप असला की हलका पडे, आणि मग माझी पत्नी काढा घेऊन वहिनींकडे जाई. बायकांचा अबोला नव्हता.

३. गेल्या थंडीत एका संध्याकाळी ठोके थांबेनात. मी भिंतीला वळसा घालून वर गेलो. थोरला व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी बसला होता, अंग घामाने भिजलेले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि हातातला पाना माझ्या हातात दिला. दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. इतक्या वर्षांचे बोलणे राहून गेले. त्याचे मला फार वाईट वाटते. हे अर्जात लिहिण्याचे कारण नाही, तरी लिहिले.

४. त्यानंतरही ठोके पडत आणि पाणी येई; वहिनीच व्हॉल्व्ह फिरवतात असे मी धरून चाललो. पुढे वहिनी घराला कुलूप लावून लेकीकडे राहायला गेल्या. त्याच संध्याकाळी नळावर दोन ठोके पडले आणि माझ्या टाकीत पाणी आले. वरच्या घरात कुणी नव्हते. पाना माझ्या खिडकीत होता.

५. आपल्या कार्यालयाचा माणूस गळती शोधायला आला. लोखंडी सळई जमिनीला टेकवून, दुसरे टोक कानाला लावून तो नळाच्या वाटेने चालत गेला. भिंतीशी थांबून म्हणाला, गळती इथे आहे. पण सळई कानापासून काढीना. मग मला विचारले, "काका, वर कोण राहतं?" मी म्हणालो, कुणी नाही. त्याने सळई उचलली आणि ठेवलेला चहासुद्धा न घेता तो निघून गेला. अहवालात त्याने 'नळात हवा' असे लिहिले आहे. हवा मीही जन्मभर ऐकत आलो आहे. हवा उत्तराची वाट पाहत नाही.

६. त्यानंतर आपण वरच्या व्हॉल्व्हला तार घालून शिशाचे सील लावलेत. संध्याकाळी ठोके पडले, पाणी आले. सील मी फोडले असा आपल्या नोटिशीत आरोप आहे. सील शाबूत आहे, साहेबांनी स्वतः येऊन पाहावे. उगीच चोर सोडून संन्याशाला फाशी नको.

वहिनींना मी फोन केला होता. मी काही सांगायच्या आत त्यांनीच विचारले, "भाऊजी, अजून वाजतंय का?" त्यांना ते स्वयंपाकघरात ऐकू येई. आपल्यालाच भास होतोय असे समजून त्या घर सोडून गेल्या होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही उत्तर देता ना?" आमच्या घरातले मत वेगळे आहे. पत्नी म्हणते, "उत्तर देऊ नका, त्यांना सवय लागेल." तिच्या म्हणण्यावरून मी एकदा गप्प बसून पाहिले. टाकी वाहून अंगणात तळे झाले. ठोके येतच राहिले, फक्त हलके होत गेले, त्याला ताप असताना पडायचे तसे. मला बसवेना. मी तीनदा ठोकले आणि पाणी थांबले.

७. प्लास्टिकबाबत. मेहुण्याच्या शेतावर तसला पाइप आहे. मी एका टोकाला ठोकून त्याला दुसऱ्या टोकाला कान लावायला सांगितले. भोपळ्यावर टिचकी मारावी तसा आवाज माझ्याजवळच झाला. त्याच्याकडे काहीच पोचले नाही. तेव्हापासून मेहुणा माझ्याशी जरा जपून बोलतो, तो विषय वेगळा.

८. गळतीमुळे पायाशी माती खचून आमच्यामधली भिंत पडली आहे आणि आता माणूस सरळ वर जाऊ शकतो. तिची भरपाई मी मागत नाही. ती बांधूनही देऊ नये.

तरी विनंती की, गळक्या जागी क्लॅम्प बसवून नळ आहे तसा ठेवावा. नियमात बसत नसल्यास नवा पाइप शेजारून टाकावा आणि जुन्याचे पाणी तोडावे, पण थोरल्याच्या आवारापासून माझ्या आवारापर्यंत लोखंड अखंड राहू द्यावे. त्यातून पाणी आले नाही तरी चालेल. नव्या पाइपने मला पाणी भरपूर मिळेल, हे मी जाणतो. पाणी आले हे मला कोण सांगणार, एवढाच प्रश्न आहे.

सोमवारी कुदळ लागण्यापूर्वी या अर्जाचा विचार व्हावा. आधीचे दोन अर्ज अनुत्तरित आहेत. उत्तर न येणे काय असते, हे मी वर लिहिलेच आहे.

आपला नम्र,
(सही)
धाकट्या घरचा ग्राहक

ठिकाण : खालचे घर
वार : शुक्रवार, हातपोच

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) नळ न काढण्यास वहिनींची लेखी संमती.
३) आपल्या माणसाने सील फोडल्याचा पुरावा म्हणून मागितलेला पाना जोडलेला नाही. संध्याकाळी लागतो.