सुगंधाला फायदा झाला

आगाशी, शुक्रवार, १८ सप्टेंबर १९९८

आज बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जूनपासून मी, टी.वाय.ची मुलगी, एफ.वाय.च्या सहा जणांना कॉलेज सुटल्यावर केमिस्ट्री शिकवतेय. मुलांनीच मुलांना शिकवायचं, ही बाईंची कल्पना. त्याचा उपयोग होतो का, हे त्या चाचणीच्या मार्कांवरून ठरवणार होत्या. सगळ्यांत जास्त मार्क वाढले सुगंधाचे. "बघा, याला म्हणतात फायदा!" बाई म्हणाल्या.

सुगंधा मिठागराकडची. सुरुवातीला तिचेच प्रश्न संपत नसत. एकदा म्हणाली, "ताई, पानी तापताना बुडबुडे खालूनच का येतात?" मी हसून म्हटलं, "पानी नाही गं, पाणी! तोंडी परीक्षेत असंच बोलणार का?" सगळे हसले. मी जरा जास्तच. बुडबुड्यांचं उत्तर दिलं का मी? आठवतच नाही.

त्यानंतर तिने एकही प्रश्न विचारला नाही. गप्प बसून सगळं उतरवून घ्यायची, आणि मला वाटायचं, काय शहाणी मुलगी आहे! मार्क तिने घरी घोकून मिळवले असणार. मग माझा कसला फायदा झाला तिला?

आज सगळे गेल्यावर तिला थांबवलं. माफी मागायची होती, पण मी उगाच फळा पुसत राहिले. तिचं लक्ष माझ्या पाण्याच्या बाटलीकडे होतं.

"ताई, पा..." म्हणाली आणि अडली. मग खाली बघत म्हणाली, "प्यायला आहे का?"