चारही मिक्सर नापास

३ जून
ती. मामास सा. न. वि. वि.

फोनवर मी फार भराभर बोलते, कळत नाही, लिहून पाठव, असं तू म्हणालास. म्हणून हे पत्र. कार्यक्रमांना आणि घरच्या रेकॉर्डिंगला चालेल असा एकच मिक्सर घ्यायचाय. माईक, गिटार, कीबोर्ड धरून बारा चॅनल पुरेत ना? घरी प्रत्येक आवाज कॉम्प्युटरवर सुटा उतरायला हवा, म्हणजे माझा सूर घसरला तर गिटारवाल्याला पुन्हा बोलवायला नको. जन्मभर लोकांच्या कार्यक्रमांचा आवाज तू सांभाळलास, तेव्हा दुकानात जाऊन तूच निवड. आणि पुढच्या महिन्यात माझ्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाला मिक्सरच्या बोर्डावर तूच बसायचंस. नाही म्हणायची सोय नाही.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी लाडकी डोकेदुखी,
भिंगरी

९ जून
चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

दुकानदाराचं डोकं खाऊन आलो. चार मिक्सर ऐकले, चारही नापास. सगळ्यांचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा. तो म्हणाला, काका, ट्रेबल आधीच पूर्ण वर आहे. मी म्हटलं, मग तुमचे स्पीकर गेलेत. हल्लीच्या मालात जीवच नाही बघ. त्यापेक्षा माझा जुना बोर्ड पाठवतोय. उचलताना कंबर सांभाळ आणि बटणांना हात लावू नकोस, परवाच मनासारखा जुळवलाय.

मामी म्हणते मी टीव्ही फार मोठा लावतो. तिला कुरकुरायला काहीतरी लागतंच.
लोभ ठेव आणि उत्तर दे.
मामा

१५ जून
ती. मामास सा. न. वि. वि.

बोर्ड पोचला. तुझ्या शब्दाबाहेर न जाता, काही न हलवता गायले. मामा, कान फाटले रे. प्रत्येक चॅनलचं ट्रेबल टोकाला, आणि प्रत्येक 'स' शिट्टीसारखा! ट्रेबल मिठासारखं बेताने घालावं, हे मला तूच शिकवलंस. मग तुझे चार मिक्सर आठवले, टीव्ही आठवला, माझं भराभर बोलणं आठवलं, आणि मी रडत बसले. कान तपासून घे. चिडशील तर चिड, पण जा. बोर्डावर मला दुसरं कोणी नकोय.

रागातही लोभ असू दे.
भिंगरी

२४ जून
चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

चिडलो. तुझं पत्र मामीपुढे टाकलं. तिने वाचलं, पायात चपला घातल्या आणि मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. वरच्या पट्टीतले बारीक आवाज, तेच ट्रेबलचे, मला ऐकू येईनासे झालेत. आता आपण कामातून गेलो असं वाटलं.

मग कानात यंत्र बसवलं आणि तुझं मीच जुळवलेलं एक गाणं लावलं. ओळीआधी तू श्वास घेतेस, तो ऐकू आला. हा कधीपासून माझ्या हातून निसटत होता, देव जाणे. पुन्हा दुकानात गेलो, दुकानदाराची माफी मागितली. त्या चारांतला दुसरा मिक्सर झकास आहे गं! बारा चॅनल, सगळे सुटे उतरतात. तोच घे.

यंत्राची सवय व्हायला वेळ लागेल म्हणतात. म्हणून तालमीत ट्रेबलची बटणं तू लाव आणि त्यांच्यावर चिकटपट्टी मार, माझा हात तिकडे जायला नको. बाकी सगळं माझ्यावर सोड. मी येतोय.

लोभ आहेच.
मामा