लहान पत्रावळ

माघ वद्य दशमी, १९५४
भीमफेदी, नेपाळ

पाय सुजले, पण मी त्यासाठी लिहीत नाई.

"शिवरात्रीले पशुपतीनाथ पाहू, तुहं मन तेवढंच हलकं होईल," असं म्हणून आमच्या ह्यायनं सासूबाईले आन् मले कुरखेड्याहून इतक्या दूर आणलं. धर्मशाळा भरलेली, म्हणून आज एका पहाडी बाईच्या ओसरीवर उतरलो. तांदूळ आमचे, चूल तिची.

तिची बोली मले समजत नाई. पण ती रुंद जंगली पानांच्या पत्रावळी लावून राह्यली होती, आन् ते तर माह्या हातचं काम. आमच्याकडं पळसाची पानं, एवढाच फरक. मी जवळ बसली, बांबूची काडी घेतली आन् लावत गेली. आमच्या तिघांच्या तीन झाल्या. मंग चौथी झाली, लहान.

पोळ्याच्या दिवसांत माही सुमी तापानं गेली. मोठ्या पत्रावळीतून तिचा भात सांडे, म्हणून तिची लहान लावत होती. तवापासून घरी मी पानाले हात लावला नाई. मंग इथी काऊन लावली?

ह्यायनं पाहिलं आन् तोंड फिरवलं. सासूबाई म्हणाल्या, "फेकून दे ते." कशी फेकू?

त्या बाईले काय ठाऊक! तिनं तीन पत्रावळींवर भात वाढला, लहानीत दूधभात कालवला आन् दारात जाऊन, बाहेर खेळणाऱ्या लेकराले बोलवावं तशी हाक मारली. परत मारली.

तिले सांगाले माह्याजवळ शब्द नव्हता. असता तरी सांगितलं असतं का?

मी उठून तिच्या बाजूले उभी राह्यली आन् दूधभात निवेपर्यंत वाट पाहिली.